मॉर्फिनचा जागतिक हिशेब आणि अहमदपूरचा रुग्ण: वेदनाशामकांची आकडेवारी कशी वाचावी?

अहमदपूर तालुक्यात कुणाला तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला की घरच्यांची वाट जवळपास ठरलेली असते. आधी लातूर किंवा नांदेड, मग बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, आणि शेवटी मुंबईचे टाटा. ऑपरेशन, किमो, शेक यांची माहिती या वाटेवर कुणी ना कुणी देतो. पण "आता घरी घेऊन जा" असे सांगितले गेल्यावर रात्र-रात्र चालणाऱ्या वेदनेचे काय करायचे, याचे उत्तर फार थोड्या घरांपर्यंत पोहोचते.

या वेदनेवर औषध आहे आणि ते महागही नाही. ते कोणत्या देशात किती वापरले जाते याचा हिशेब दर वर्षी प्रसिद्ध होतो आणि मोबाइलवर फुकट पाहता येतो. हा हिशेब कोण ठेवतो, तो कसा वाचायचा, त्यात काय दिसत नाही आणि तो वाचून आपल्या तालुक्यात कोणता प्रश्न विचारायचा, हे आम्ही या लेखात क्रमाने मांडत आहोत. आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तरुणांनी तो जपून ठेवावा आणि वापरावा.

ओपिऑइड म्हणजे काय?

अफूपासून मिळणारी किंवा तिच्यासारखे काम करणारी जी औषधे आहेत, त्यांना ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन आणि कोडीन अफूच्या झाडातून मिळतात. फेंटानिल आणि मेथाडोन कारखान्यात तयार होतात. ऑक्सिकोडोन अफूतील घटकांपासून बनवले जाते. ही औषधे मेंदू आणि मज्जारज्जूतील ठरावीक ठिकाणी काम करून तीव्र वेदना कमी करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मध्यम वेदनेला सौम्य ओपिऑइड आणि तीव्र वेदनेला तोंडाने घ्यायचे मॉर्फिन. संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फिन आहे.

हे औषध प्रत्येक दुखण्यासाठी नाही. कंबरदुखी किंवा गुडघेदुखीवर ते सहज द्यायचे नसते. चुकीच्या मात्रेने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्र कर्करोगाच्या रुग्णाला ते महिनोन्‌महिने देता येते. बद्धकोष्ठता हा त्याचा नेहमीचा त्रास आहे, म्हणून सोबत जुलाबाचे औषध दिले जाते. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते. औषध एकदम बंद करायचे नसते.

आकडे येतात कुठून?

अमली पदार्थांबाबतचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार १९६१ चा. या कराराने दोन गोष्टी एकाच वेळी मान्य केल्या. अशा पदार्थांचा गैरवापर रोखला पाहिजे, आणि वेदना कमी करण्यासाठी त्यांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य आहे, म्हणून ते उपलब्धही असले पाहिजेत. पहिली गोष्ट सरकारांच्या लक्षात राहिली, दुसरी बऱ्याच ठिकाणी विसरली गेली.

कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारे आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ १९६८ पासून काम करते. त्याचे कार्यालय ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयएनसीबी म्हणतात. प्रत्येक देशाचे सरकार पुढच्या वर्षी कोणते औषध किती लागेल याचा अंदाज या मंडळाला कळवते आणि मागच्या वर्षी किती वापरले याचा हिशेब देते. जगातील सगळे नकाशे आणि आलेख मुख्यतः याच कागदांवर उभे आहेत.

यात एक दुष्टचक्र आहे. औषध कमी वापरले गेले की पुढच्या वर्षीचा अंदाज कमी जातो. अंदाज कमी गेला की पुरवठा कमी होतो. पुरवठा कमी असला की डॉक्टर ते लिहून देत नाहीत, आणि वापर पुन्हा कमी दिसतो. तक्त्यातला छोटा आकडा गरज छोटी असल्याचा पुरावा नसतो.

ऑनलाइन साधने कोणती?

पहिले साधन आयएनसीबीचे संकेतस्थळ. मंडळाचा अमली औषधांवरील तांत्रिक अहवाल दर वर्षी निघतो आणि तो कुणालाही उतरवून घेता येतो. त्यात देशनिहाय तक्ते असतात. तुलनेसाठी मंडळ दर दहा लाख लोकसंख्येमागे दररोज किती प्रमाणित मात्रा वापरल्या गेल्या, हे माप वापरते. मॉर्फिनची प्रमाणित मात्रा १०० मिलिग्रॅम धरली जाते. हे माप २०० च्या खाली असेल तर वापर अपुरा आणि १०० च्या खाली असेल तर अत्यंत अपुरा, अशी मंडळाची वर्गवारी आहे.

दुसरे साधन अमेरिकेतील विद्यापीठांनी घडवले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील वेदना व धोरण अभ्यास गटाने आयएनसीबीच्या कोरड्या तक्त्यांचे देशनिहाय आलेख आणि नकाशे केले. पुढे हे काम इंडियाना विद्यापीठात गेले. या गटाने "मॉर्फिन-समतुल्य" हे माप रूढ केले. फेंटानिल वजनाने अगदी थोडे लागते, पण मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट तीव्र असते. नुसत्या किलोंची बेरीज केली तर चित्र चुकते. म्हणून प्रत्येक औषधाचे मॉर्फिनच्या तुलनेत रूपांतर करून माणशी मिलिग्रॅम काढतात.

तिसरा आधार म्हणजे लॅन्सेट आयोगाचा २०१७ चा अहवाल. त्याने वापराच्या आकड्याशेजारी गरजेचा आकडा ठेवला. आयोगाच्या हिशेबाने जगात वर्षाला मॉर्फिन-समतुल्य २९८.५ टन ओपिऑइड वाटली जात होती आणि त्यातले सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला फक्त ०.१ टन येत होते. गरज असलेल्या प्रत्येक रुग्णामागे वर्षाला कॅनडात ६८,१९४ मिलिग्रॅम, अमेरिकेत ५५,७०४, चीनमध्ये ३१४ आणि भारतात ४३ मिलिग्रॅम. नायजेरियात तर एक मिलिग्रॅमही नाही. भारताची ४३ मिलिग्रॅम म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आणि थोडे वर, तेही अख्ख्या वर्षासाठी. यातून गरजेच्या सुमारे ४ टक्केच भाग भागतो, असे आयोगाने नोंदवले.

चौथे साधन जागतिक कर्करोग वेधशाळेचे, म्हणजे ग्लोबोकॅन. यात देशनिहाय रुग्ण आणि मृत्यू यांचे अंदाज मिळतात. औषधाच्या आकड्याला रुग्णांच्या आकड्याशी जोडायचे असेल तर हे लागतेच.

भारताचा आलेख का कोसळला?

भारत हा औषधी अफू पिकवणारा जुना देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाने आहेत. निर्यातीसाठी कायदेशीरपणे अफूचा चीक काढणारा जगातील एकमेव देश म्हणून भारताची ओळख आहे. कच्चा माल आपल्या शेतात पिकतो, आणि वेदनेने तळमळणारा आपलाच माणूस औषधाविना राहतो.

याचे मोठे कारण कायद्यात होते. १९८५ चा अमली पदार्थ कायदा, म्हणजे एनडीपीएस, गुन्हेगारी रोखण्यासाठी अत्यंत कडक केला गेला. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. कागदोपत्री चूक झाली तरी तुरुंगाची भीती. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ मध्ये तो अवघा १८ किलो होता. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन लिहून न देताच शिकली.

बदल घडवला तो आकडे हातात घेऊन भांडणाऱ्या माणसांनी. केरळमध्ये कोळिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमन केंद्र सुरू झाले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सरकारपुढे हा घसरता आलेख ठेवला. २००३ मध्ये त्यांनी पॅलियम इंडिया ही संस्था काढली. २००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने असे धोरण २०१२ मध्ये आणले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली. "अत्यावश्यक अमली औषधे" असा नवा वर्ग तयार झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आली. आता रुग्णालयाला अनेक परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाने "मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था" म्हणून मान्यता दिली की पुरे. त्या संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर हवा आणि साठ्याचा चोख हिशेब हवा. कायद्याचा मोठा अडसर दूर झाला आहे. आता प्रश्न उरला आहे तो रुग्णालयांनी मान्यता मागण्याचा आणि डॉक्टरांनी शिकण्याचा.

स्वतः करून पाहण्यासारखा हिशेब

आकड्यांना घाबरू नये. शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने बरेच कळते.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला सरासरी रोज ६० ते ७५ मिलिग्रॅम मॉर्फिन, सुमारे ९० दिवस लागते, असे नियोजनासाठी धरले जाते. रोज ६० मिलिग्रॅम धरले तर एका रुग्णाला ५,४०० मिलिग्रॅम, म्हणजे ५.४ ग्रॅम. १९९७ चे १८ किलो म्हणजे १८,००० ग्रॅम. भागाकार केला तर जेमतेम ३,३०० रुग्णांना पुरेल एवढे. तेव्हा देशाची लोकसंख्या ९५ कोटींच्या वर होती.

आता आजची गरज काढू. ग्लोबोकॅनच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात कर्करोगाने सुमारे ९ लाख १६ हजार मृत्यू झाले. त्यांतील ८० टक्के रुग्णांना तीव्र वेदनेचे औषध लागते असे धरले तर ७ लाख ३० हजारांच्या आसपास रुग्ण होतात. गुणिले ५.४ ग्रॅम, म्हणजे जवळपास ४ टन मॉर्फिन. हे फक्त कर्करोगाच्या शेवटच्या तीन महिन्यांसाठी. आयएनसीबीच्या ताज्या तक्त्यातला भारताचा मॉर्फिनचा आकडा काढा आणि या ४ टनांशेजारी ठेवा. हे काम एखाद्या अभ्यास वर्गात तासाभरात होते.

नकाशा काय दाखवत नाही?

पहिली गोष्ट, "वापर" या शब्दाचा अर्थ. आयएनसीबीच्या भाषेत वापर म्हणजे रुग्णालये आणि औषध दुकानांपर्यंत पोहोचलेला माल. तो रुग्णाच्या पोटात गेला का, की कपाटात मुदत संपून पडला, हे तक्ता सांगत नाही.

दुसरी गोष्ट, सगळी औषधे त्यात नाहीत. आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाणारे ट्रॅमाडॉल आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली नाही, टॅपेंटाडॉलही नाही. त्यामुळे ती या तक्त्यात येत नाहीत. भारताने स्वतः २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आणले.

तिसरी गोष्ट, कोडीनचा बराचसा भाग खोकल्याच्या औषधात जातो. कोडीन आणि मॉर्फिनचे आकडे वेगळे पाहावेत, नाहीतर खोकल्याच्या बाटल्या वेदनाशमनात मोजल्या जातात.

चौथी आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. व्हिएन्नाच्या तक्त्यात भारताची एकच ओळ असते. त्या एका ओळीत केरळचे गावोगावचे वेदनाशमन केंद्रही येते, मुंबईचे टाटा रुग्णालयही येते आणि अहमदपूर तालुक्यातली वस्तीही येते. सरासरीत विषमता लपते. औषध महानगरात आहे की तालुक्यात, पैसेवाल्याला मिळते की मजुराला, हे त्या रंगीत नकाशात शोधून सापडणार नाही. जात आणि गरिबीचे रकाने तर त्या तक्त्यात नाहीतच.

आकडा वाढला म्हणजे सगळे चांगले?

नाही. अमेरिकेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. तिथे १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आली. व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगत कंपनीने ती डॉक्टरांच्या गळी उतरवली. साध्या दुखण्यावरही ही औषधे वाटली गेली. नंतर लोक हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे मेली.

तिथेही सत्य बाहेर आले ते आकडेवारीतून. २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने न्यायालयात झगडून मिळवलेली सरकारी माहिती खुली केली. २००६ ते २०१२ या काळात ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोनच्या ७,६०० कोटी गोळ्या वाटल्या गेल्या होत्या. कोणत्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, किती गोळ्या गेल्या हे कोणताही नागरिक पाहू शकत होता.

महाराष्ट्रही यापासून दूर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधवार्तेने दाखवले की मुंबईतील एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया अशा पश्चिम आफ्रिकी देशांत पाठवत होती आणि तिथले तरुण त्यांच्या आहारी गेले होते. त्यानंतर केंद्र सरकारने त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात थांबवण्याचे पाऊल उचलले. टॅपेंटाडॉल आंतरराष्ट्रीय नियंत्रणात नसल्याने असा माल आयएनसीबीच्या नकाशात दिसत नाही. ज्या राज्यात कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळत नाही, त्याच राज्यातून व्यसनाच्या गोळ्या गरीब देशांत जातात. नफा आणि गरज यांचे रस्ते वेगळे असतात.

पंचशील आणि मॉर्फिन

आमच्या उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न येतो. मॉर्फिन घेतल्याने पाचवे शील मोडते का? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर स्पष्ट असावे. पाचवे शील प्रमादाला, बेहोशीला कारण होणाऱ्या नशेपासून दूर राहण्याचे आहे. वेदना शमवण्यासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत घेतलेले औषध ही नशा नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंच्या औषधांवर एक स्वतंत्र खंधकच आहे. त्याच महावग्गात अतिसाराने पडलेल्या, कुणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुऊन-पुसून अंथरुणावर निजवल्याचा प्रसंग आहे. आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा, असे त्यांनी भिक्खूसंघाला बजावले.

संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण, त्यावर मनाने केलेला आक्रोश हा दुसरा. दुसरा बाण टाळायला साधना शिकवते. पण म्हणून पहिला बाण उपटू नये, असे त्या सुत्तात कुठेही नाही. "सहन कर, कर्माचे भोग आहेत" असे रुग्णाला सांगणे हा धम्म नव्हे.

संविधानही याच दिशेने बोलते. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या संविधानातील कलम ४७ राज्याला नशाबंदीकडे जायला सांगते, पण औषधी उपयोगाचा अपवाद ठेवून. नशाबंदीची चळवळ आणि वेदनाशमनाची मागणी एकाच कार्यकर्त्याच्या दोन हातांत राहू शकतात.

अहमदपूरसाठी प्रश्न

जगाचा आकडा व्हिएन्नातून मिळतो, तालुक्याचा आकडा आपल्यालाच काढावा लागेल. त्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ हे आपले साधन आहे. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. लातूर जिल्ह्यासाठी अन्न व औषध प्रशासनाला आणि जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाला पुढील माहिती मागता येईल. नांदेडच्या मित्रांनी त्यांच्या जिल्ह्यासाठी हेच करावे.

१. अत्यावश्यक अमली औषधांसाठी जिल्ह्यातील कोणकोणत्या संस्थांना मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता आहे? मान्यतेच्या तारखेसह यादी द्यावी.

२. या प्रत्येक संस्थेत मागील तीन वर्षांत तोंडाने घ्यायचे मॉर्फिन किती आले, किती वापरले गेले आणि किती मुदतबाह्य झाले?

३. जिल्ह्यात उपशामक सेवेचे प्रशिक्षण घेतलेले सरकारी डॉक्टर आणि परिचारिका किती आहेत? रुग्णांची नावे मागू नयेत, संख्या पुरेशी आहे.

४. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्ध आणि उपशामक सेवा येते. तालुक्यातील किती केंद्रांत ती प्रत्यक्ष सुरू आहे?

उत्तर "निरंक" आले तरी तो एक आकडाच आहे. तो घेऊन ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि आमदारांकडे जाता येते. मागणी साधी ठेवावी: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाने मान्यता घ्यावी, एका डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवावे आणि आशाताईंनी घरी पडलेल्या रुग्णांची नोंद करावी.

तोवर शेजारी असा रुग्ण असेल तर ज्या कर्करोग रुग्णालयात त्याचा उपचार झाला, तिथे वेदनाशमन विभाग आहे का, हे नातेवाइकांना विचारायला सांगा. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका, चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि घरात असलेले मॉर्फिन लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवा.

पुढच्या वर्षी व्हिएन्नाचा नवा अहवाल येईल आणि भारताच्या ओळीतला आकडा थोडा बदललेला असेल. त्यात अहमदपूरच्या एका तरी रुग्णाची गोळी मोजली गेलेली असावी, एवढ्यासाठी हा अर्ज लिहायचा आहे.